शेअर्ड होस्टिंगवर स्टॅक का अडतं

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर स्टॅक हे गणिताची उत्तरं तपासणारं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) नीट बसलं, तरी त्याची हेल्थचेक ही स्वतःची तपासणी शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर, नापास का होते, असा प्रश्न पडतो. प्लगइन म्हणजे नुसता पीएचपी भाषेतला कोड. उत्तर बरोबर की चूक हे बीजगणिताने ठरवतं ते मॅक्सिमा, आलेख काढतं ते ग्नूप्लॉट, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर सर्व्हरवर वेगळी बसवावी लागतात. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीचं 'प्रॉक-ओपन' (proc_open) हे दुसरा प्रोग्राम सुरू करणारं फंक्शन बहुधा बंद असतं, त्यामुळे मॅक्सिमा सुरूच होत नाही. होस्टिंग कंपनीकडे ते उघडून मागू नका. सुरक्षेसाठी ते बंद असणंच योग्य.

त्यापेक्षा वेगळा छोटा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्या, डॉकरवर, म्हणजे सॉफ्टवेअर 'कंटेनर' नावाच्या बंद पेटीत चालवणाऱ्या साधनावर, गोएमॅक्सिमा (goemaxima) हा मॅक्सिमाचा तयार सर्व्हर चालवा, आणि स्टॅकच्या सेटिंगमध्ये प्लॅटफॉर्म 'सर्व्हर' करून त्याचा पत्ता द्या. त्याचं पोर्ट फायरवॉलमधून फक्त मूडलच्या आयपीला उघडा, जगाला नाही. परीक्षेच्या वेळीही हाच मार्ग टिकतो: दर उत्तरामागे मॅक्सिमा नव्याने सुरू करण्यात वेळ जातो, इथे मॅक्सिमाच्या प्रक्रिया आधीच तयार असतात.

सगळ्यात जास्त घोळ अपग्रेडनंतर होतो. प्लगइन नवं आणि कंटेनरमधली स्टॅकची लायब्ररी जुनी राहिली, की आवृत्त्या जुळत नाहीत. दोन्ही एकाच वेळी बदला, कॅशे रिकामा करा आणि मगच हेल्थचेक चालवा.