हेली बार्बर: लॉबिस्ट गव्हर्नर झाला, मिसिसिपीचं भलं झालं का?

रानवारा:
बार्बर 2004 ते 2012 अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचे गव्हर्नर होते. (पद आपल्या मुख्यमंत्र्यासारखं, निवडून येणारं.) त्याआधी ते रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. 1991 साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये लॉबिंगची (पैसे घेऊन कंपन्यांसाठी सरकारदरबारी वजन वापरण्याची) फर्म काढली, तिच्या अशिलांत तंबाखू कंपन्याही होत्या. कंपन्यांची तळी उचलण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाच्या हाती राज्य देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. 2006 मध्ये किराण्यावरचा कर कमी करून सिगारेटवरचा वाढवायचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. बार्बरांनी ते नकाराधिकार वापरून अडवलं. तेव्हा सिगारेटच्या पाकिटावर कर होता फक्त 18 सेंट, आणि मीठ-पिठावर 7 टक्के!

खाडीकर:
कत्रिना चक्रीवादळ विसरलात की काय? 29 ऑगस्ट 2005 ला पास क्रिश्चन गावात समुद्र सुमारे 28 फूट चढला. आख्ख्या आळ्या वाहून गेल्या, उरले ते काँक्रीटचे जोते आणि कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या. अशा वेळी वॉशिंग्टनमध्ये कुणाला गाठायचं हे पक्कं ठाऊक असलेला माणूस लागतो. सिनेटच्या खर्च समितीचे अध्यक्ष थॅड कॉक्रन मिसिसिपीचेच. दोघांनी मिळून पुनर्बांधणीच्या पहिल्या साडेअकरा अब्ज डॉलरांपैकी पाच अब्जांहून जास्त खेचून आणले. नवखा गव्हर्नर हे करू शकला असता? मला नाही वाटत.

रानवारा:
आणले, मान्य. पण वाटले कसे ते बघा. यातला निम्मा पैसा कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी, ही मूळ अट. राज्याने तिच्यातून सूट मिळवली. घरमालकांच्या मदतीची मुख्य योजना समुद्राच्या पाण्याने पडलेल्या घरांसाठी होती. वाऱ्याने छप्पर उडालं असेल तर त्यात बसत नाही, भाडेकरूही नाहीत. आणि घरांसाठीच्या निधीतले 50 कोटींहून जास्त डॉलर गल्फपोर्ट बंदराच्या विस्ताराकडे वळवले. लोक कोर्टात गेले, तेव्हा कुठे 2010 मध्ये तडजोड होऊन मदतीविना राहिलेल्यांच्या घरांसाठी सुमारे 13 कोटी डॉलर सुटले. पाच वर्षं लोकांनी राहायचं कुठे?

खाडीकर:
नुसती घरं बांधून माणूस टिकत नाही, हाताला काम लागतं. बंदर त्यासाठीच. तिथल्या किनाऱ्यावर तेव्हा कॅसिनो पाण्यावरच चालवावे लागत; ते तरंगते कॅसिनो वादळाने किनाऱ्यावर आणून आपटले, तेव्हा बार्बरांनी खास अधिवेशन बोलावलं आणि किनाऱ्यापासून 800 फुटांपर्यंत जमिनीवर कॅसिनो बांधायला परवानगी देणारा कायदा करून घेतला. बायबल मानणारं राज्य, चर्चवाले नाराज, तरी रेटलं. बिलॉक्सी या किनाऱ्यावरच्या शहरातल्या हॉटेल कामगारांची चूल त्यावर पेटली.

माई_पुणे:
खाडीकर, कॅसिनोचं पटलं. बंदराचं नाही. बंदरासाठी वेगळा निधी मागता आला असता, आणि तो कसा मागायचा हे बार्बरांइतकं कुणाला कळत होतं? सिगारेटचा करही त्यांनी शेवटी 2009 मध्ये वाढवलाच, 68 सेंटपर्यंत, तोही तिजोरीला चणचण आल्यावर.