खुब्याच्या ऑपरेशननंतर एचबी (हिमोग्लोबिन) ८.४ : रक्त द्यायचं का, किती आणि कसं?

स्टाफ नर्स, शाहूपुरी
आज्जी ८२ वर्षांच्या, वजन ४१ किलो. इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर (खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलंय), पीएफएन (हाडाच्या आत बसवायचा खिळा) घालून दुसरा दिवस. दाखल होताना एचबी १०.९, आज सकाळी ८.४. बीपी ११०/६०, नाडी ८८. जुना हृदयविकार, मेटोप्रोलॉल (नाडी संथ ठेवणारी गोळी) चालू. फिजिओनं पलंगावर बसवलं तर गरगरलं, म्हणून परत झोपवलं. नातेवाईक राधानगरीकडचे, रक्तदाते घेऊनच आलेत. "दोन पिशव्या चढवा की, ताकद येईल" असा धोशा लावलाय. सर संध्याकाळी राउंडला येतील. तोवर काय बघून ठेवू? आणि द्यायचंच ठरलं तर या वजनाला स्पीड किती?

भूलतज्ज्ञ, कोल्हापूर
सगळ्यात आधी, सकाळचं सॅम्पल कुठल्या हाताचं? सलाईन चालू असलेल्या हातातून काढलं असेल तर ८.४ वर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या हातातून परत पाठवा.

आकडा खरा निघाला तरी नवल नाही. पडल्यावर माणूस तासन्‌तास पाण्यावाचून असतो, रक्त घट्ट होतं आणि दाखल होतानाचा एचबी फसवा चांगला दिसतो. सलाईन गेलं की खरा आकडा बाहेर येतो. शिवाय पीएफएनची चीर लहान असली तरी या फ्रॅक्चरमध्ये रक्त मांडीच्या आत साचतं, ड्रेसिंग कोरडंच राहतं. एचबी दोन-तीन दिवस उतरत राहू शकतो, म्हणून उद्याही तपासा. मांडीचा घेर रोज एकाच जागी मोजा.

८ च्या खाली गेला की रक्ताचा विचार, ही हाडांच्या ऑपरेशननंतरची आणि हृदयविकार असलेल्यांसाठीची सध्याची रीत. तिचा मोठा आधार म्हणजे २०११ ची 'फोकस' चाचणी. खुब्याचं ऑपरेशन झालेले २०१६ रुग्ण होते, सरासरी वय ८० च्या वर. एका गटात एचबी १० च्या वर राखला, दुसऱ्यात ८ च्या खाली गेल्यावर किंवा त्रास झाला तरच रक्त दिलं. ६० दिवसांनी मृत्यू आणि चालता येणं, दोन्हींत फरक नव्हता. नातेवाइकांच्या 'ताकदी'ला एवढं उत्तर पुरे.

पण 'किंवा त्रास झाला तर' हे विसरू नका. छातीत दुखणं, धाप, सलाईननं पाणी भरूनही न सुधारणारं बीपी किंवा गरगरणं असेल तर ८.४ लाही रक्त देतात. मेटोप्रोलॉलवर नाडी चढत नाही, तेव्हा ८८ बघून निर्धास्त राहू नका. आडवं असताना बीपी घ्या, मग बसवून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० नं पडला तर आधी पाणी कमी आहे का बघा : लघवी किती, जीभ कोरडी का. ईसीजी काढून ठेवा.

रक्तपेढी तंत्रज्ञ
क्रॉसमॅचचं (दात्याचं रक्त जुळतं का बघायचं) सॅम्पल आत्ताच पाठवा, पिशवी नंतर मागवा. नळीवर नाव आणि नंबर पलंगाशेजारीच लिहा, नर्सिंग स्टेशनवर येऊन नको. चुकीचा गट चढतो तो बहुतेक वेळा इथल्या गडबडीनं. आज्जींना विसरायला होत असेल तर "तुम्ही पार्वतीबाई ना?" म्हटल्यावर त्या कुणालाही "हो" म्हणतील. मनगटाचा पट्टा वाचा, तोही दोघींनी.

मुलाचं रक्त थेट आईला देण्याचा हट्ट धरू देऊ नका. जवळच्या नात्यातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या शरीरावरच उलटतात आणि ते जिवावर बेततं. पिशवी इरॅडिएट केलेली (किरणांनी त्या पेशी निकामी केलेली) नसेल तर नकोच. त्यांना द्यायचंच असेल तर साठ्यात देऊ देत.

पिशवी फ्रीजबाहेर आली की अर्ध्या तासात लावा, चार तासांत संपवा. गरम पाण्यात बुडवू नका, पेशी फुटतात. त्याच नळीतून आर.एल. (रिंगर लॅक्टेट सलाईन) नको, त्यातल्या कॅल्शियमनं गुठळ्या होतात. डेक्स्ट्रोजही नको. चालतं ते फक्त नॉर्मल सलाईन.

फिजिशियन (वृद्धांचे आजार)
एका बाबतीत भूलतज्ज्ञांपेक्षा मी थोडा सैल आहे. डेन्मार्कमध्ये अशक्त वृद्धांवर झालेल्या 'ट्राइफ' चाचणीत हालचालीत फरक पडला नाही, पण नर्सिंग होममधल्या रुग्णांत जास्त रक्त मिळालेल्यांचे मृत्यू कमी होते. चाचणी २८४ जणांची, तिच्यावरून सगळ्यांना १० च्या वर नेणं मला पटत नाही. पण पाणी भरूनही बसल्यावर गरगरणारी आज्जी, त्यात हृदयविकार : इथं ८.४ ला मी एक पिशवी देईन. एकच.

कारण हिशोब बघा. ४१ किलोच्या बाईत एकूण रक्त पावणेतीन लिटरच्या आतबाहेर. पिशवी साधारण २८० मिलीची, म्हणजे दोन पिशव्यांत पाचवा हिस्सा एका दुपारी वाढला. म्हातारं हृदय ते झेपवत नाही, फुप्फुसात पाणी भरतं. एका पिशवीनं सर्वसाधारण माणसाचा एचबी १ नं वाढतो, या वजनाला जास्तच. दुसरीचा निर्णय एचबी पुन्हा बघूनच.

स्पीड : पहिली १५ मिनिटं मिनिटाला १५ थेंब आणि तुम्ही शेजारी उभ्या. मग २५-२७ थेंब, म्हणजे तासाला ८० मिलीच्या आसपास. हे २० थेंबांना १ मिली देणाऱ्या सेटचं गणित, पाकिटावर बघून घ्या. तापमान, नाडी, बीपी, ऑक्सिजन सुरुवातीला, १५ मिनिटांनी, मग दर तासाला. सोबत चालू असलेलं सलाईन बंद. शक्यतो दिवसा लावा, रात्री दोनला धाप कुणाच्या लक्षात येत नाही.

स्टाफ नर्स, शाहूपुरी
दुसऱ्या हातातून काढलं : ८.२. बसवल्यावर बीपी ८८. लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) आधीच देऊन ठेवू का?

फिजिशियन (वृद्धांचे आजार)
८८ असताना अजिबात नको. सरांना आत्ताच फोन करा, राउंडची वाट बघू नका. लॅसिक्स सुजलेल्या, धाप लागणाऱ्या रुग्णाला, तेही ऑर्डरनं. चढवताना किंवा नंतरच्या १२ तासांत खोकला, धाप, चढतं बीपी दिसलं तर रक्त बंद, पाठ उंच, ऑक्सिजन आणि फोन. थंडी वाजून ताप, कंबर दुखणं किंवा लालसर लघवी असेल तर रक्त बंद, सेट बदलून सलाईननं शीर चालू ठेवा, पट्टा परत ताडून पिशवी रक्तपेढीला पाठवा.

भूलतज्ज्ञ, कोल्हापूर
नातेवाइकांना एक सांगून ठेवा. पांढऱ्या रश्श्यानं एचबी चढत नाही, त्यातलं मटण मात्र जरूर खाऊ द्या. लोहाच्या गोळ्या या दिवसांत फारशा लागू पडत नाहीत, ऑपरेशनच्या सुजेमुळं आतडं लोह आत घेत नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) कमी असेल तर शिरेतून लोहाचं सरांना विचारा. आणि मधुमेह असेल तर पुढचे तीन महिने एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी तपासणी) वर भरवसा ठेवू नका, चढवलेल्या रक्तानं तो आकडा चुकतो.