जीडब्ल्यूटी २.४ वरून २.८.२: बाहेरच्या टॉमकॅटवर डीबगिंग बंद पडलं, मदत हवी आहे

रातकिडा
नमस्कार मंडळी,
आमचं एक जुनं अॅप्लिकेशन जीडब्ल्यूटीत (जावा कोड ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये बदलणारं साधन) आहे. गेल्या आठवड्यात ते २.४ वरून २.८.२ वर नेलं. कंपाइल व्यवस्थित होतं, वॉर (अॅप्लिकेशनची बांधलेली फाइल) टॉमकॅट या सर्व्हरवर टाकली की चालतंही. पण डीबग करता येत नाहीये. पूर्वी डेव्ह मोड (जीडब्ल्यूटीची डीबगिंगची सोय) -नोसर्व्हर देऊन, म्हणजे त्याचा स्वतःचा सर्व्हर न लावता, सुरू करायचो, टॉमकॅट वेगळा चालू असायचा, पत्त्याच्या शेवटी कोडसर्व्हरचं शेपूट जोडलं की एक्लिप्समधला (कोड लिहायच्या प्रोग्रॅममधला) ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवायची खूण, लागायचा. आता अगदी तेच केलं तर पान उघडतं, लॉगिन होतं, पण ब्रेकपॉइंटवर काही थांबत नाही. जावात केलेला बदलही पडद्यावर येत नाही. एरर कुठेच नाही, त्यामुळे शोधायचं काय तेच कळेना.

जेटी (डेव्ह मोडसोबत येणारा सर्व्हर) वापरा असं कृपया सांगू नका. लॉगिन, डेटासोर्स सगळं टॉमकॅटमध्ये बसवलेलं आहे. सोमवारी क्लायंटला दाखवायचंय. लवकर सांगा.

सोनटक्का
ब्राउझर कुठला? टॉमकॅट तुमच्याच मशीनवर आहे की दुसऱ्या? तो कुठल्या फोल्डरमधून अॅप्लिकेशन उचलतो? आणि डेव्ह मोडच्या खिडकीत पोर्ट कुठला दिसतोय, ९९९७ की ९८७६? एवढं सांगितल्याशिवाय अंदाजच बांधावे लागतील.

घाटमाथा
मी स्पष्टच सांगतो, जीडब्ल्यूटीत आता वेळ घालवू नका. आम्ही असंच एक अॅप्लिकेशन रिअॅक्टमध्ये नव्याने लिहिलं. सर्व्हरवर साधे जेसन देणारे सर्व्हलेट ठेवले आणि डीबगिंगचा हा सगळा प्रकार संपला. आज अपग्रेडमध्ये घालवलेला वेळ उद्या परत घालवावाच लागणार.

रातकिडा
@घाटमाथा, शंभरावर स्क्रीन आहेत आणि मुदत सोमवारची आहे.
@सोनटक्का, ब्राउझर क्रोम. ब्राउझरचा काय संबंध? टॉमकॅट माझ्याच मशीनवर. पोर्ट ९८७६ लिहिलंय, पण मी पत्त्यात नेहमीप्रमाणे ९९९७ च देतोय.

कंदीलवाला
ब्राउझरचाच तर संबंध आहे. तुमची जुनी पद्धत म्हणजे क्लासिक डेव्ह मोड. त्यात क्लायंटचा कोड जावा म्हणूनच एक्लिप्सच्या जेव्हीएममध्ये चालायचा आणि ब्राउझरमधलं प्लगइन ९९९७ वर त्याच्याशी बोलायचं. ते प्लगइन क्रोममध्ये एनपीएपीआय या प्लगइनच्या जुन्या व्यवस्थेवर उभं होतं. क्रोमने २०१५ साली आवृत्ती ४५ मध्ये एनपीएपीआय पूर्ण काढून टाकलं. फायरफॉक्समध्ये जीडब्ल्यूटीचं प्लगइन आवृत्ती २७ पासूनच बंद झालं होतं.

माझा उपाय: एका व्हर्च्युअल मशीनवर फायरफॉक्स २४ ईएसआर बसवा, जुनं प्लगइन टाका आणि डेव्ह मोडला -नोसुपरडेव्हमोड द्या. मी अजून असंच करतो. एक्लिप्समध्येच ब्रेकपॉइंट, एक्लिप्समध्येच व्हेरिएबल. यासारखं सुख नाही.

सोनटक्का
कंदीलवाला, तुमचा अनुभव मान्य, पण हा सल्ला नव्या माणसाला देऊ नये. एवढा जुना ब्राउझर, त्यात अॅप्लिकेशनचं सीएसएस नीट दिसेल की नाही याचीही खात्री नाही. शिवाय क्लासिक मोडमध्ये जेएसइंटरऑप (जावा आणि जावास्क्रिप्ट जोडायची सोय) चालत नाही. २.८ वर जायचं आणि २.८ ची मुख्य सोय वापरायचीच नाही, याला अर्थ नाही.

रातकिडा, २.७ पासून सुपर डेव्ह मोड हाच डीफॉल्ट आहे. त्यात तुमचा जावा कोड जावास्क्रिप्टमध्ये कंपाइल होतो आणि ९८७६ वरचा कोडसर्व्हर तो सोर्समॅपसकट (जावास्क्रिप्टची ओळ कुठल्या जावा ओळीची ते सांगणारी फाइल) ब्राउझरला देतो. पत्त्यातलं शेपूट आता लागत नाही. ब्रेकपॉइंट क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये, सोर्सेस टॅबखाली दिसणाऱ्या जावा फायलीवर लावायचा.

आता क्रोमचा नेटवर्क टॅब उघडा आणि तुमच्या मॉड्यूलची नोकॅश.जेएस फाइल बघा. ती नेहमीची कंपाइल केलेली आहे की सुपर डेव्ह मोडचा छोटा स्टब (कोडसर्व्हरकडे वळवणारी फाइल) आहे? त्यानंतर ९८७६ कडे एक तरी रिक्वेस्ट जाते का?

तिसरी घंटा
बाहेरच्या टॉमकॅटला डीबगर जोडायचा असेल तर अगदी सोपं आहे. कॅटलिना.एसएच ला जेपीडीए स्टार्ट असं देऊन टॉमकॅट सुरू करा. डीफॉल्ट पोर्ट ८०००. मग एक्लिप्समध्ये डीबग कॉन्फिगरेशन, रिमोट जावा अॅप्लिकेशन, होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट ८००० द्या आणि जोडा. सर्व्हर सुरू होतानाचाच कोड तपासायचा असेल तर जेपीडीए सस्पेंड वाय करा, म्हणजे डीबगर जोडेपर्यंत टॉमकॅट थांबून राहतो. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

रातकिडा
@तिसरी घंटा, सर्व्हरची बाजू डीबग होतेच आहे. प्रश्न क्लायंटच्या कोडचा आहे.
@सोनटक्का, नोकॅश.जेएस मोठी आहे आणि तारीख गेल्या आठवड्याची. ९८७६ कडे काहीही जात नाही.

सोनटक्का
मग निदान झालं. डेव्ह मोड सुरू होताना स्टब -वॉर ने दिलेल्या फोल्डरमध्ये लिहितो. -नोसर्व्हर दिल्यामुळे तुमचा टॉमकॅट फायली कुठून देतोय हे त्याला माहीतच नसतं. टॉमकॅट दुसऱ्या फोल्डरमधली जुनी नोकॅश.जेएस देतोय. तो एक्लिप्समधून सुरू करता का?

रातकिडा
हो, अर्थात एक्लिप्समधूनच. सर्व्हर्स व्ह्यूमधून.

सोनटक्का
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. तसं असेल तर एक्लिप्स तुमचं अॅप्लिकेशन वर्कस्पेसच्या .मेटाडेटा फोल्डरखाली, टीएमपी० मधल्या डब्ल्यूटीपीवेबअॅप्समध्ये कॉपी करतं आणि टॉमकॅट तिथून देतो. -वॉर ला तो पूर्ण मार्ग द्या. आधी तिथलं मॉड्यूलचं कंपाइल केलेलं फोल्डर उडवा, मग डेव्ह मोड सुरू करा.

वेलदोडा
त्या .मेटाडेटाच्या बोळात शिरायचीच गरज नाही. सर्व्हरवर डबल क्लिक करा, सर्व्हर ऑप्शन्समध्ये ‘सर्व्ह मॉड्यूल्स विदाउट पब्लिशिंग’ वर टिक करा. मग टॉमकॅट थेट प्रोजेक्टच्या वॉर फोल्डरमधून देतो आणि डेव्ह मोडही तिथेच लिहितो. नाहीतर प्रत्येक क्लीन पब्लिशला स्टब उडेल आणि तुम्ही परत इथे याल.

सोनटक्का
वेलदोडाताईंचा उपाय जास्त चांगला. माझा मागे घेतो.

कंदीलवाला
मला मात्र अजून पटलेलं नाही. क्रोममध्ये जावाची फाइल दिसते, पण व्हेरिएबल जावास्क्रिप्टचेच दिसतात. हॅशमॅप उघडून बघा, आत काय आहे ते कळायला किती खोल जावं लागतं. आणि पंधरा वर्षं एक्लिप्समध्ये एफ६ दाबलेल्या माणसाला दोन खिडक्यांत काम करायला लावणं ही प्रगती नव्हे.

वेलदोडा
एक्लिप्समध्येच हवं असेल तर एसडीबीजी नावाचं प्लगइन आहे. क्रोमला डीबग पोर्टसकट सुरू करतं आणि ब्रेकपॉइंट एक्लिप्समध्ये लागतात. इंटेलिजे अल्टिमेटमध्येही तशी सोय आहे. हॅशमॅपची तक्रार खरी आहे, ती तिथेही राहते.

घाटमाथा
एवढी प्लगइनं, एवढे पोर्ट. मी म्हणतोय ते यासाठीच. २००६ चं तंत्र आहे हे.

कंदीलवाला
२००६ चं आहे म्हणून टाकाऊ होत नाही. जीडब्ल्यूटी बंद पडलेलं नाही. २०२२ मध्ये २.१० आली, मेव्हनचा ग्रुप आयडीही ऑर्ग.जीडब्ल्यूटीप्रोजेक्ट झाला. सर्व्हर आणि क्लायंटचे क्लास एकच असणं, कंपायलरने चूक पकडून देणं, या गोष्टींची किंमत मोठ्या अॅप्लिकेशनमध्येच कळते. शंभर स्क्रीन नव्याने लिहिणं म्हणजे शंभर स्क्रीनमधले नियम नव्याने शोधणं.

रातकिडा
वेलदोडाताईंची टिक चालली. पान उघडताना कंपाइलिंग असं येतं, सोर्सेसमध्ये जावा फाइल दिसते, ब्रेकपॉइंट लागतो. पण आता लॉगिननंतरची पहिलीच आरपीसी (क्लायंटने सर्व्हरला केलेली हाक) पडते. टॉमकॅटच्या लॉगमध्ये सीरियलायझेशन (ऑब्जेक्ट पाठवण्याजोगा करणं) पॉलिसी फाइल सापडली नाही, १.३.३ ची लेगसी पॉलिसी वापरू, अशी वॉर्निंग. पाठोपाठ ‘इजसीरियलायझेबलला असाइनेबल नाही’ म्हणून एक्सेप्शन. क्लास सीरियलायझेबल आहे, वर्षानुवर्षं चालतोय. हे काय नवीन?

अबोली_९
क्लासला रिकामा कन्स्ट्रक्टर आहे का? माझं एकदा तेवढ्यासाठीच अडलं होतं.

सोनटक्का
कन्स्ट्रक्टर नाही हो, वर्षानुवर्षं चालतोय म्हणालेत ते. कुठले क्लास पाठवायला परवानगी आहे याची यादी .जीडब्ल्यूटी.आरपीसी या फाइलमध्ये असते आणि तिचं नाव मजकुराच्या हॅशवरून ठरतं. सुपर डेव्ह मोडने केलेली नवी फाइल कोडसर्व्हरकडे असते, टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये नाही. मग सर्व्हर १.३.३ च्या जुन्या नियमावर जातो. तो नियम फक्त इजसीरियलायझेबल मानतो, जावाचा साधा सीरियलायझेबल मानत नाही.

टॉमकॅटच्या व्हीएम आर्ग्युमेंट्समध्ये -डीजीडब्ल्यूटी.कोडसर्व्हर.पोर्ट=९८७६ टाका. मग पॉलिसी नसली की सर्व्हर ती लोकलहोस्टच्या त्या पोर्टवरून आणतो. टॉमकॅट दुसऱ्या मशीनवर असता तर हे चाललं नसतं, म्हणून मी सुरुवातीलाच विचारलं होतं.

तिसरी घंटा
त्यापेक्षा टॉमकॅट १० वर जा. जुन्या टॉमकॅटमुळे असे प्रकार होतात.

वेलदोडा
कृपया नको! टॉमकॅट १० मध्ये जावाएक्स.सर्व्हलेट जाऊन जकार्ता.सर्व्हलेट आलं. २.८.२ चा जीडब्ल्यूटी-सर्व्हलेट जार (जावाची लायब्ररी फाइल) तिथे उभाच राहणार नाही. सोमवारपर्यंत ९ च्या पुढे जाऊ नका.

रातकिडा
प्रॉपर्टी टाकली, टॉमकॅट बंद करून चालू केला. तीच वॉर्निंग, तेच एक्सेप्शन. टॉमकॅट ८.५ आहे.

सोनटक्का
वेब-आयएनएफच्या लिबमध्ये जीडब्ल्यूटी-सर्व्हलेट जार कुठल्या आवृत्तीचा आहे? सुपर डेव्ह मोड २.५ मध्ये आला. २.४ च्या जारला ही प्रॉपर्टी कळणारच नाही.

रातकिडा
तिथे जारच नाही. तो टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमध्ये आहे. त्याच टॉमकॅटवर आमचं दुसरंही अॅप्लिकेशन चालतं, दोघांना एकच. ते दुसरं अजून २.४ वर आहे, त्यामुळे तो जार मला हलवता येत नाही.

कंदीलवाला
मग दोन टॉमकॅट लागतील. एकात दोन आवृत्त्या भांडतील.

वेलदोडा
नाही भांडणार. टॉमकॅटचा वेबअॅप क्लासलोडर (अॅप्लिकेशनचे क्लास शोधणारा भाग) आधी वेब-आयएनएफमध्ये बघतो, तिथे नाही मिळालं तरच सामाईक लिबमध्ये जातो. २.८.२ चा जार फक्त तुमच्या अॅप्लिकेशनच्या वेब-आयएनएफ लिबमध्ये टाका. दुसऱ्याला २.४ च मिळत राहील. फक्त कॉन्टेक्स्टच्या लोडरला डेलिगेट ट्रू केलेलं नाही ना ते बघा, त्याने क्रम उलटा होतो.

कंदीलवाला
हे मला माहीत नव्हतं. उपयोगी आहे.

रातकिडा
डेलिगेट नव्हतं. जार टाकला, आरपीसी चालली, ब्रेकपॉइंटही लागतोय. सोनटक्का, वेलदोडाताई, मनापासून आभार. एकच राहिलं: पहिल्यांदा पान उघडताना फार वेळ घेतं. दर वेळी असंच का?

सोनटक्का
पहिलं कंपाइल सगळ्या कोडचं होतं, नंतर फक्त बदललेल्या फायलींचं. डेव्ह मोड बंद करू नका, सकाळी एकदा सुरू करून ठेवा. आणि कोडसर्व्हर पोर्टची ती प्रॉपर्टी प्रॉडक्शनच्या टॉमकॅटवर चुकूनही जाऊ देऊ नका. सोमवारच्या डेमोला पूर्ण कंपाइल केलेली वॉर लावा, डेव्ह मोड नको.

अबोली_९
माझाही टॉमकॅट असाच आहे, पण सर्व्हर दुसऱ्या मशीनवर. मला काय करावं लागेल?

सोनटक्का
तुम्ही नवा धागा काढा, ब्राउझर, आवृत्त्या, टॉमकॅटचं फोल्डर आणि पानाचा पत्ता कसा दिसतो ते सगळं लिहा. मॉड्यूलमधली डेव्ह मोडची परवानगी डीफॉल्टने फक्त लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ च्या एचटीटीपी पत्त्यांना असते, तिथून सुरुवात करू.