पहिली दुर्बीण, खानदेशातली: आधी किती रात्री काहीच दिसलं नाही?

मंडळी, गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे सांगत होते, "पोरासाठी दुर्बीण घेतली, दोन दिवस बघितलं, काही दिसत नाही हो तिच्यात." आता ती माळ्यावर आहे. अशी माळ्यावर गेलेली दुर्बीण मी पाहिलेलं हे तिसरं घर. दर वेळी जीव हळहळतो, कारण त्या दोन रात्रींच्या पुढेच खरी गंमत सुरू होते. म्हणून आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या लोकांनी लिहावं: पहिलं काय दिसलं आणि त्याआधी किती रात्री कोऱ्या गेल्या.

सुरुवात माझ्यापासून. २०१८ चा मे महिना, जळगाव. ७० मिलिमीटर रुंद भिंगाची दुर्बीण. गुरू रात्रभर आकाशात, सापडायला सोपा, पण गच्चीवरून बघितला की उकळत्या पाण्यातून बघावं तसा लटपटायचा. सहा रात्री मी भिंगाला दोष दिला. दोष गच्चीचा होता. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा सोडतो आणि ती वर जाणारी गरम हवा नेमकी दुर्बिणीच्या नजरेत येते. सातव्या रात्री आईनं सडा मारलेल्या अंगणात ट्रायपॉड लावला, दुर्बीणही तासभर बाहेर निवू दिली. गुरूचे दोन पट्टे दिसले आणि एका रेषेत चार ठिपके. वहीत काढून ठेवले. दुसऱ्या रात्री डावीकडचा एक ठिपका उजवीकडे आलेला! १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं रात्रीमागून रात्री हेच टिपलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

धुळे, बँकेत नोकरी

माझी ७६ मिलिमीटरची, आरशाची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "५२५ पट" छापलेलं. ते वाचूनच घेतली, ही चूक आधी सांगतो. हिशोब साधा आहे. नळीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर, त्याला आयपीसच्या (डोळ्याजवळच्या भिंगाच्या) आकड्यानं भागायचं. ४ मिलिमीटरच्या आयपीसनं १७५ पट, वर तिप्पट करणारं भिंग जोडलं की ५२५. कागदावर बरोबर, पण ७६ मिलिमीटरचा आरसा फार तर दीडशे पटीपर्यंत साथ देतो. त्यापुढे नुसता धुरकट गोळा. दुकानदारानं हे सांगायला हवं होतं. मी पहिल्या चार रात्री तेच सगळ्यात "जोरदार" आयपीस लावून बसलो आणि काळोखाशिवाय काही दिसलं नाही.

मग एका जुन्या मित्रानं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, २० मिलिमीटरचं आयपीस लाव आणि ते काढूच नको. दोन, वरची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडर, दिवसा जुळवून घे. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणलं आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुलीही त्याच टोकावर आणली. दहा मिनिटांचं काम, पण त्यानं सगळं बदललं. (सूर्य पाठीमागे ठेवूनच करा. चुकूनही नळी त्याच्याकडे वळायला नको.)

२० नोव्हेंबर २०२३, दिवाळी होऊन आठवडा झालेला. अष्टमीचा अर्धा चंद्र आणि त्याच्या अगदी जवळ शनी, त्यामुळे शनी कुठला हे विचारायलाही लागलं नाही. ३५ पटीत इवलासा, पिवळट, आणि दोन बाजूंना टोकं. आई वर कपडे काढायला आली होती. "काय दखी ऱ्हायना रे इतला येळ?" म्हणाली. तिला स्टुलावर बसवलं. तिला आधी काही दिसेना, कारण ती डोळा आयपीसला चिकटवत होती. थोडं मागे घे म्हटलं. एकदम म्हणाली, "माय वं! याले ते खरंच कडं शे!" तोपर्यंत माझा मलाच नीट भरवसा नव्हता की ते कडं आहे.

सावदा, केळी उत्पादक

मी मळ्यातून बघतो. आमच्याकडे शेताची लाईट बऱ्याचदा रात्री येते, मोटार चालू करायला जावंच लागतं, तेव्हा विचार केला की जागायचंच आहे तर वर बघत जागू. सहा इंची डॉब्सोनियन घेतली. तिला ट्रायपॉड नाही, लाकडी बैठकीवर तोफेसारखी फिरते. शिकायला काही नाही, ढकलायची आणि बघायचं.

माझ्या कोऱ्या रात्री थंडीतल्या. ठिबक चालू असलेल्या बागेच्या कडेला जानेवारीत इतकं दव पडतं की नऊ वाजता फाइंडर आंधळा. पुसलं तरी पाच मिनिटांत पुन्हा तेच. भिंग फडक्यानं पुसू नका, ओरखडे पडतात. मी खतांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नळी करून फाइंडरला पुढे लावली, वितभर लांब. आयपीस स्वेटरच्या खिशात ठेवतो, लागेल तेव्हाच काढतो. आणि दुर्बीण बागेपासून दूर, नांगरलेल्या कोरड्या रानात नेली. तिथं दव निम्म्यानं कमी.

एक चीज सांगतो जी दिल्लीकडच्या माणसाला आपल्याइतकी चांगली दिसत नाही. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला, क्षितिजापासून हात लांब धरून साधारण एका वितीवर, ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ येतो. आमच्या उत्तरेला सातपुडा आडवा, पण दक्षिण मोकळी, तापीकडे उतरत जाणारी. नैर्ऋत्येला भुसावळचा उजेड असतो तेवढा सोडला तर अंधार. ४८ पटीत आधी राखेचा गोळा दिसला. मग टक लावून न बघता नजर जराशी बाजूला ठेवली तसे त्याच्या कडेला कण फुटायला लागले, रव्यासारखे. लाखो तारे आहेत त्यात. मोटारीचं पाणी त्या रात्री बांध फोडून गेलं, तरी मी उठलो नाही.

भुसावळ, रेल्वे

माझ्याकडे दुर्बीण नाही, १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर, दहा पट, ५० मिलिमीटरची भिंगं) आहे. लिहू का, असं वाटलं, पण लिहितो. यार्डाच्या दिव्यांमुळे आकाश धुरकट, तरी कृत्तिका, मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग), गुरूचे चंद्र, सगळं दिसतं. हात हलतात म्हणून कोपर कठड्यावर टेकवायचे. कोरी रात्र एकही नाही. ज्यांना काय घ्यावं हेच ठरवता येत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

अक्राणी तालुका, आश्रमशाळेत शिक्षक

आमच्याकडे अंधार भरपूर, त्यामुळे मी पहिल्याच रात्री मुलांना आकाशगंगा आणि तेजोमेघ दाखवायला गेलो. साठ मुलांची रांग. एकेक येतं, डोळा लावतं, "दिसलं सर" म्हणतं आणि जातं. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांना काहीच दिसलेलं नाही, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होती. ती रात्र मी विसरणार नाही.

पुढच्या खेपेला फक्त चंद्र, तोही पौर्णिमेचा नाही. पूर्ण चंद्रावर ऊन सरळ पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उन्हात आणि तळ काळाकुट्ट, असं दिसतं. या वेळी कोणीच "दिसलं सर" म्हटलं नाही. ओरडलीच पोरं. पाचवीतली एक मुलगी जागची हलेना. म्हणाली, "सर, चंद्र सरकतोय, कोण ढकलतंय?" मी म्हटलं, आपण सरकतोय. ती कितीतरी वेळ पायाखालच्या जमिनीकडे बघत राहिली. पृथ्वीचं परिवलन मी बारा वर्षं फळ्यावर शिकवलं होतं.

जळगाव, गृहिणी

सूर्याबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. माझ्या मुलाच्या दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायची एक छोटी काळी काच आली होती, "सन" लिहिलेली. ती कधीही वापरू नका. नळीनं गोळा केलेली सगळी उष्णता तिच्यावर पडते, ती तडकते आणि त्या वेळी डोळा तिथंच असतो. मी ती फोडून फेकून दिली. सूर्य बघायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर हवा.

२५ ऑक्टोबर २०२२ चं खंडग्रास ग्रहण, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं. आम्ही लहान भिंगाच्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली. फाइंडर काढून ठेवला, नळीची दिशा तिच्या सावलीवरून जुळवली आणि एक मोठं माणूस सतत दुर्बिणीजवळ उभं. पुठ्ठ्यावर खाल्लेल्या भाकरीसारखा सूर्य. गल्लीतले सगळे आले, फराळाची ताटं घेऊन. तो तसाच, ग्रहण लागलेलाच मावळला.

चाळीसगाव, कॉलेजात

सेकंडहँड १३० मिलिमीटरची घेतली. अकरा रात्री कोऱ्या, इथं बहुधा मीच पहिला. तारा म्हणून जे दिसायचं त्याला एका बाजूला शेपटी. प्रवासात आरसे हलले होते. फिल्मच्या जुन्या डबीच्या तळाला बरोबर मधोमध भोक पाडलं, डबी आयपीसच्या जागी बसवली आणि त्यातून बघत आधी पुढचा छोटा आरसा, मग मागचे तीन स्क्रू पाव-पाव वळणानं, सगळी वर्तुळं एकात एक येईपर्यंत. बाराव्या रात्री मृगाचा तेजोमेघ, आत चार तारे वेगवेगळे.

दुर्बीण घेऊन आम्ही चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या (पाटणादेवीच्या) अलीकडे गेलो होतो. भाऊ दाजी लाड यांना तिथल्या देवळात जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं आहे. लेख १२०७ चा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी त्या डोंगराखाली पोरं ग्रहगणित घोकत होती, दुर्बीण निघायच्या चारशे वर्षं आधी. शनी आज कुठं असेल हे त्यांना आकड्यांत येत होतं. कडं मात्र त्यांना दिसलेलं नव्हतं. मी आयपीसला डोळा लावला तेव्हा सारखं तेच मनात येत होतं.

पारोळा

सगळं वाचलं. मुलगी नववीत आहे, तिला हवी आहे. पण आमच्यापैकी कोणी कधी दुर्बिणीतून बघितलेलंच नाही. घेण्याआधी एकदा बघायला मिळेल का कुठं?

सावदा, केळी उत्पादक

दादा, अमावस्येच्या अलीकडच्या शनिवारी मुलीला घेऊन मळ्यात या. मुक्कामाच्या तयारीनं या. दोन स्वेटर आणि पांघरूण आणा, टॉर्चला लाल कागद लावून आणा. चहा आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे.