द्वारा ५६ एपीओ : फौजेतील टपालाच्या आठवणी

आवाहन

टपाल खात्यात कारकून म्हणून रुजू झाल्यावर चौथ्या वर्षी मी प्रतिनियुक्तीवर आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअरमध्ये गेलो. नागपूरजवळच्या कामठी येथील केंद्रात प्रशिक्षण घेऊन पुढची १७ वर्षे मी फील्ड पोस्ट ऑफिसांत काढली, कधी तंबूत तर कधी पत्र्याच्या शेडमध्ये. डाकेची थैली फुटण्याच्या वेळी दाराशी उभे राहिलेले जवान आणि 'आज तुझे काही नाही' हे ऐकून मुकाट्याने माघारी जाणारे जवान अजून डोळ्यांपुढे आहेत.

'५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) हे बाहेरच्या माणसाला एखाद्या छावणीचे नाव वाटते. प्रत्यक्षात जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि 'द्वारा ५६ एपीओ' एवढाच मजकूर असलेले पत्र आधी दिल्लीच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसात येते. पूर्वेकडील तुकड्यांसाठी तेच काम '९९ एपीओ' या पत्त्यावर कोलकात्याहून चालते. कोणती पलटण सध्या कुठे आहे हे तिथे वर्गवारी करणाऱ्यांना ठाऊक असते, त्यानुसार थैल्या फील्ड पोस्ट ऑफिसांकडे निघतात आणि तिथून पलटणीचा माणूस येऊन आपली डाक उचलून नेतो. पलटण राजस्थानातून काश्मीरला हलली तरी घरच्यांना पत्ता बदलावा लागत नाही आणि पाकीट परक्याच्या हाती पडले तरी त्याला पलटणीचा ठावठिकाणा लागत नाही. इतकी साधी आणि इतकी पक्की व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

फौजेबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुधा लढाईच्या दिवसांबद्दल असते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत लढाईचे दिवस थोडे आणि पत्राची वाट पाहण्याचे दिवस फार, हे आपणा सर्वांना माहीत आहे. हाती मोबाइल घेऊनच भरती झालेल्या मुलांना ते दिवस सांगितल्याशिवाय कळणार नाहीत, आणि सांगू शकणारे आता थकत चालले आहेत. म्हणून माजी सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी टपालाची आपापली आठवण लिहावी, ही विनंती. सध्याच्या तैनातीचा उल्लेख टाळावा आणि शहीद झालेल्या सहकाऱ्याचे नाव त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नये.

निवृत्त नाईक, मराठा लाइट इन्फन्ट्री, जिल्हा सातारा

डोळ्यांनी आता नीट दिसत नाही, त्यामुळे मी सांगतो आहे आणि नातू लिहून घेतो आहे.

मी १९६९ साली बेळगावच्या सेंटरमध्ये भरती झालो आणि पहिल्या मराठात, म्हणजे जंगी पलटणीत गेलो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये आमची पलटण पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. माझ्या खिशात एक आंतर्देशीय पत्र होते, जे मी सरहद्द ओलांडण्याआधी लिहायला घेतले होते. 'तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेमकुशल' इथपर्यंत लिहून झाले होते आणि हुकूम आल्यामुळे ते तसेच राहिले.

आमच्या ब्रिगेड कमांडरांनी शरण येण्याबद्दलचे पत्र एका वयस्क मुक्तिसैनिकाच्या हाती समोरच्या ३१ बलुच पलटणीला पाठवले आणि उत्तराच्या लिफाफ्यातून बंदुकीची गोळी आली, ही हकिगत पुढे छापून आली. आम्हा शिपायांना ती कानोकानी कळली. १० डिसेंबरच्या रात्री समोरचे लोक जमालपुरातून बाहेर पडून आमच्या अंगावर आले आणि उजाडेपर्यंत थांबले नाहीत. 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आरोळी मी बेळगावच्या मैदानावर शेकडो वेळा दिली होती, पण त्या रात्री ती शेजारच्या खंदकातून ऐकू आली तेव्हा अंगात बळ आले. पहाटे त्याच शेजारच्या खंदकातील माझ्या तालुक्याचा एक जण गेला होता.

ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली. त्यानंतर एक-दोन दिवसांनी मी ते पत्र खिशातून काढले. 'इकडील सर्व क्षेमकुशल' या ओळीच्या पुढे काय लिहावे हे मला सुचेना, आणि ती ओळ खोडली असती तर आईला नाही ते वाटले असते. मी तिच्याखाली फक्त तारीख घातली, सही केली आणि पत्र टाकले. जानेवारीत ते घरी पोहोचले. आईला वाचता येत नव्हते. तिने माझी सही ओळखली आणि मगच ते दुसऱ्याच्या हाती वाचायला दिले, असे बहिणीने मला नंतर सांगितले.

निवृत्त हवालदार, महार रेजिमेंट, जिल्हा नांदेड

सियाचीनवर आमची पलटण १९९० च्या दशकात होती. वर चढण्याआधी बेस कॅम्पला ओपी बाबांसमोर, म्हणजे जवानांचे रक्षण करतो अशी श्रद्धा असलेल्या एका जवानाच्या मंदिरात, रिपोर्ट द्यायचा आणि उतरल्यावर पुन्हा तिथेच हजेरी द्यायची, हा तिथला रिवाज आम्हीही पाळला. आमच्या पोस्टवर आठ जण होते. उंची सुमारे १९,००० फूट, रात्रीचे तापमान उणे ४० च्या आसपास, आणि बर्फ वितळवण्यापासून झोपडी उबदार ठेवण्यापर्यंत सारे काही रॉकेलवर चालत असे. त्या धुराची काजळी नाकात, घशात, थुंकीत उतरत असे आणि खाली आल्यावरही कित्येक दिवस जात नसे.

डाक हेलिकॉप्टरने येई, तीही रॉकेलचे जेरीकॅन आणि रेशन यांच्यातून जागा उरली तर. एकदा हवामानामुळे २२ दिवस एकही फेरी झाली नाही. तेविसाव्या दिवशी थैली पडली, तेव्हा तीत आठ जणांची मिळून ३१ पत्रे निघाली. पोस्ट कमांडर असलेल्या सुभेदार साहेबांनी ठरवून दिले की सगळी पत्रे एका दिवशी फोडायची नाहीत; रोज संध्याकाळी स्टोव्हभोवती बसून चार-पाच पत्रे वाचायची आणि ज्याचे पत्र असेल त्याची हरकत नसेल तर मोठ्याने वाचायची. आमची रेजिमेंट सर्व प्रांतांतील लोकांची असल्यामुळे बंगाली पत्र आले की तो जवान एकेक ओळ हिंदीत सांगत असे. बायकोच्या पत्रातील काही ओळी तो मनात वाचून पुढे जाई आणि कोणी त्याला त्याबद्दल विचारत नसे.

त्या थैलीत आमच्यातील लातूरकडच्या जवानाला त्याच्या वडिलांचे पत्र होते. सर्जा बैल चार दिवस उठलेला नाही, डॉक्टर येऊन गेला, पेरणी तोंडावर आली आहे, काळजी करू नये, एवढाच मजकूर होता. काळजी करू नये म्हटल्यावर आठही जणांना काळजी लागली. आमच्यात चार शेतकऱ्यांची पोरे होती, त्यामुळे बैलाने पाय कसा टाकला असेल, त्याला काय पाजायला हवे होते, यावर दोन संध्याकाळी बोलणे चालले. पुढच्या फेरीने खाली गेलेल्या त्याच्या पत्रात आम्ही सर्वांनी आपापला एकेक इलाज लिहायला लावला. त्या थंडीत बॉलपेनची शाई उतरत नसे, म्हणून पेन काखेत धरून ऊब द्यायची, दोन ओळी लिहायच्या आणि पुन्हा काखेत धरायचे. शिवाय हातमोजा काढून फार वेळ लिहिता येत नसे, त्यामुळे ते एक पत्र आम्ही हात बदलून पूर्ण केले आणि त्याच्यावर सगळ्यांच्या काजळीचे ठसे उमटले.

उत्तर येण्याआधीच त्या जवानाची पाळी संपून तो खाली उतरला. सात-आठ दिवसांनी रेडिओ सेटवर रोजचा संदेश घेताना आमच्या सिग्नलवाल्याने हात वर करून सर्वांना गप्प केले. हवामान, रेशन, प्रकृती असा नेहमीचा क्रम संपल्यावर खालच्या ऑपरेटरने एकच वाक्य जोडले होते, 'सर्जा खडा हो गया है.' मी फौजेत २२ वर्षे काढली, पण आठ माणसे एकदम इतकी हसलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाहीत.

निवृत्त पेटी ऑफिसर, भारतीय नौदल, जिल्हा सिंधुदुर्ग

नौदलात आमचा पत्ता 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' असा असे. जहाज समुद्रावर असेपर्यंत पत्रे साठत जात आणि बंदराला लागलो की एकेकाच्या हाती गठ्ठाच पडे. त्यात शेवटचे पत्र आधी फोडले गेले, तर आधी काय घडले होते ते कळायचे नाही आणि उगाच जीव टांगणीला लागायचा. 'आता ताप उतरला आहे' असे वाचले, पण ताप कोणाला आला होता तेच ठाऊक नाही, असा प्रसंग माझ्यावर आला. तेव्हापासून माझी पत्नी पाकिटाच्या मागच्या कोपऱ्यात क्रमांक घालू लागली. मी निवृत्त झालो तेव्हा तो क्रमांक ६४३ वर होता आणि त्यातील ११ पत्रे मला कधीच मिळाली नाहीत.

निवृत्त लेफ्टनंट कर्नल, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, पुणे

माझी आठवण दुसऱ्यांच्या पत्रांची आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई चालू असताना मी उत्तरेकडील एका लष्करी रुग्णालयात होते. ज्यांच्या हातांना बँडेज होते ते आम्हाला पत्रे सांगत आणि आम्ही ड्यूटी संपल्यावर लिहून देत असू. सांगली जिल्ह्यातील एका २३ वर्षांच्या जवानाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता आणि दोन्ही तळवे भाजलेले होते. आम्ही दोघेही मराठी असल्यामुळे तो माझ्याच पाळीची वाट पाहत असे. 'सिस्टर, पायाला लागले आहे एवढेच लिहा,' असे त्याने मला सांगितले, आणि मी तसेच लिहिले.

ते पत्र लिहिताना मला अपराधी वाटले, हे मी इथे मान्य करते. घरच्यांना खरे कळायला हवे होते, परंतु ते केव्हा आणि कोणाच्या तोंडून कळावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पुढे त्याला पुण्याच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरला हलवण्यात आले. तिथे कृत्रिम पाय बसवून तो काठीशिवाय चालायला लागल्यावर त्याने वडिलांना बोलावून घेतले आणि दारापर्यंत स्वतः चालत जाऊन सारे सांगितले. हे मला त्याच्याच पत्रातून कळले. अक्षर वेडेवाकडे होते, कारण बोटे अजून पुरती वळत नव्हती, परंतु ते त्याने कोणाकडून लिहून घेतले नव्हते.

निवृत्त सुभेदार (क्लार्क), जिल्हा अहिल्यानगर

तारा चालू होत्या तेव्हा कंपनी क्लार्कच्या टेबलावर तार आधी येत असे. 'आई गंभीर, ताबडतोब ये' अशा तारा रजा मिळावी म्हणूनही घरून पाठवल्या जात, हे सर्वांना माहीत होते. तरीही आमच्या कंपनी कमांडरांचा नियम असा होता की शंभरांतील एक तार खरी असेल, तर तिच्यासाठी नव्याण्णव जणांना सोडलेले बरे. तो नियम मला पटला होता. त्याआधीच्या एका ठिकाणी एका अधिकाऱ्याने अशी तार खोटी ठरवून रजा नाकारली होती आणि तो जवान घरी पोहोचला तेव्हा तेराव्याचे जेवण झाले होते.

दुसरी गोष्ट मी आजवर घरीही सांगितलेली नाही. जवान शहीद झाला की त्याचे सामान घरी पाठवण्यापूर्वी त्याची यादी करावी लागते. काळी ट्रंक उघडायची, गणवेश वेगळा, खासगी वस्तू वेगळ्या, आणि दोन साक्षीदारांसमोर एकेक वस्तू लिहायची: घड्याळ एक, दाढीचा डबा एक, गणपतीची तसबीर एक. एका ट्रंकेची यादी चालू असतानाच त्या दिवशीची डाक आली आणि तीत त्याची तीन पत्रे होती. फोडायची की नाही, असा प्रश्न मी साहेबांकडे नेला. ते म्हणाले, 'ज्याच्या नावाची आहेत त्यानेच फोडायची असतात.' मी यादीच्या शेवटी 'आंतर्देशीय पत्रे, बंद, नग तीन' असे लिहिले. 'नग' हा शब्द लिहिताना पेन थांबले होते, पण यादीत दुसरा शब्द चालत नाही.

आवाहनकर्ता

सुभेदार साहेब, अशी पत्रे आमच्याकडेही परत येत. पाठवणाऱ्याकडे ती परत रवाना करताना त्यांच्यावर शिक्का मारावा लागे, आणि आमच्या पोस्टमास्तरांनी असा शिक्का कधी नवीन मुलाला मारू दिला नाही; तो ते स्वतः मारत.

माजी सैनिकाची पत्नी, जिल्हा सातारा

माझे यजमान १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. लग्न झाले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे त्यांचे पत्र आले की पोस्टमन भाऊ ओसरीवर बसून वाचत आणि उत्तरही तेच लिहून देत. ते सज्जन होते, पण सासूबाई आणि चुलत जावा भोवती बसलेल्या असताना मी काय सांगणार? 'सर्व ठीक आहे, मुलगी शाळेत जाते' एवढेच दर वेळी जायचे. तार आली तर ती घेऊन पोस्टमन दारात न थांबता आधी चुलत सासऱ्यांकडे जातील, हेही गावात ठरलेले होते; त्यामुळे ते आमच्या दारावरून पुढे गेले की माझे हातपाय गार पडत.

मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या पाटीवर मीही अक्षरे गिरवू लागले. आठ महिन्यांनी, घरात कोणाला न सांगता, मी स्वतः पत्र लिहिले. त्यात तीनच ओळी होत्या. पाऊस बरा झाला, म्हैस व्याली, आणि तिसरी ओळ मी इथे लिहिणार नाही. पाकिटावर '५६' हा आकडा मी उलटा काढला होता, तरी पत्र पोहोचले.

यजमान परत आले तेव्हा ते पत्र त्यांच्या पेबुकात, म्हणजे पगाराच्या नोंदवहीत, होते. घडीवर फाटले होते, म्हणून मागून चिकटपट्टी लावली होती, आणि त्या '५६' वर दिल्लीतील कोणीतरी लाल शाईने तो आकडा नीट काढून दिलेला होता.