हवेत उडणारी माणसं बघून तुम्ही हसलात का? 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' पहिल्यांदा बघितला तेव्हाचे अनुभव लिहा

परवा रात्री झोप येईना म्हणून हा 2000 चा चिनी तलवारबाजीचा सिनेमा परत लावला. पहिली पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा, कोणी कुणाला मारत नाही, आणि मग बीजिंगमधल्या त्या हवेलीतून रात्री तलवार चोरीला जाते, चोर भिंतीवरून तुरूतुरू चालत कौलांवर आणि मागे मिशेल यो. ते बघताना मला एकदम 2001 चं हॉस्टेल आठवलं. कॉमन रूममधे टीव्ही, चौघींनी पैसे काढून भाड्याने आणलेला व्हीसीडी प्लेअर, सिनेमा दोन सीडींत कापलेला, आणि सबटायटल्सची खालची ओळ टीव्हीच्या काठाखाली अर्धी गायब. पहिली उडी पडली आणि आख्खी रूम खो खो हसायला लागली. कोणीतरी 'जय हनुमान' पण ओरडलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पण त्या पाठलागात एक गोष्ट आहे. चोर वर उठायला बघतो आणि शू लिएन, म्हणजे मिशेल यो, दर वेळी त्याच्या पावलावर पाय देते. उडालं की खेच, उडालं की पाय दे. मागे फक्त ढोल, दुसरं काही नाही. आमच्यातली एक मुलगी एकदम म्हणाली, "अगं ती तिला उडूच देत नाहीये!" तोवर चोर मुलगी आहे हे आम्हाला कळलेलंही नव्हतं, हिला कसं कळलं देव जाणे, पण त्यानंतर कोणी हसलं नाही.

तर तुम्ही हसलात का, आणि हसला असाल तर कुठे थांबलात? नसेल आवडला तर तेही बिनधास्त लिहा. शेवट फुटला तरी चालेल, पंचवीस वर्षं झाली आता.

*

मी तेव्हा अमेरिकेत, एमएसचं पहिलं वर्ष, जानेवारी 2001, बाहेर गुडघाभर बर्फ. डिसेंबरमधे मोजक्याच थेटरांत लागलेला हा सिनेमा हळूहळू पसरत आमच्या आडगावच्या मॉलपर्यंत येऊन पोचला होता. माझा रूममेट तिथलाच, त्याने आयुष्यात सबटायटलवाला सिनेमा बघितला नव्हता, मी पॉपकॉर्नचे पैसे देतो म्हटल्यावर आला. थेटर फुल. पहिल्या उडीला तिथेही हसलेच लोक, म्हणजे तुमच्या हॉस्टेलसारखंच, फक्त हनुमान नव्हता. पण ढोल थांबले तेव्हा चक्क टाळ्या वाजल्या. फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिवलमधे 2000 च्या मेमधे दाखवला तेव्हाही याच जागी टाळ्या पडल्याचं नंतर वाचलं.

आकडे त्यावेळी सगळ्यांच्या तोंडी होते म्हणून देतो, खर्च साधारण 1.7 कोटी डॉलर आणि एकट्या अमेरिकेत कमाई 12.8 कोटी. परभाषेतल्या सिनेमाने तिथे 10 कोटींचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. ऑस्करची 10 नामांकनं, त्यातली 4 मिळाली: परभाषा चित्रपट, छायाचित्रण, संगीत आणि कलादिग्दर्शन. पण माझ्या लक्षात राहिली ती शेजारच्या खुर्चीतली म्हातारी. शेवटी गुहेत हिरो ली मू बाय (चौ युन-फॅट) विष चढून मरतोय आणि शू लिएनशी आयुष्यभर न बोललेलं आत्ता बोलतोय, तिथे ही बाई माझ्याकडे वळून म्हणाली, आधी का नाही बोलला हा गाढव? मला काय उत्तर द्यावं कळेना. आमच्या घरात काकांनी काकूला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, मला त्यात विचित्र असं काही वाटलंच नव्हतं.

*

झोपलो. खरं सांगतो, वाळवंटातला फ्लॅशबॅक सुरू झाला आणि झोपलो, उठलो तरी तो चालूच होता. एका कंगव्यासाठी ती जेन, म्हणजे तीच तलवार चोरणारी पोरगी, घोड्यावरून दरोडेखोराच्या मागे किती लांब जाते, काही लिमिट? बायको म्हणते तोच बेस्ट भाग आहे. आमच्याकडे यावरून अजून भांडण होतं.

*

सिंगापूरहून लिहितेय. इथे 2004 ला आले तेव्हा ऑफिसात ओळख वाढवायला मी हाच विषय काढला, म्हटलं चिनी कलिग्जना बरं वाटेल. तर सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले! म्हणाले, तो तुम्हा लोकांसाठीचा सिनेमा. मला जरा लागलंच ते.

मग एकीने जेवताना नीट समजावलं. तुम्ही खालच्या पट्टीतलं वाचता म्हणून तुम्हाला सगळे सारखेच बोलतायत असं वाटतं. चौ युन-फॅट हाँगकाँगचा, त्याची बोली कँटोनीज, आणि सिनेमा मँडरिनमधे, म्हणजे प्रमाण चिनीत, ती बोलताना धापा टाकतो. मिशेल यो मलेशियाची, तिला मँडरिन येतच नव्हतं, तिने संवाद नुसते उच्चार पाठ करून म्हटलेत. दरोडेखोर लो झालेला चँग चेन तैवानी हेल काढतो. चौघांत फक्त जेन झालेल्या चांग झीयीचं मँडरिन कानाला बीजिंगचं लागतं. मी म्हटलं बाई गं, म्हणजे पेशवाईवरच्या सिनेमात पेशवे कोंबडी-वड्याच्या मालवणीत, सरदार वऱ्हाडीत आणि सगळे म्हणायला शनिवारवाड्यातले! तिला मालवणी काय कळणार, पण मी हसतेय म्हणून तीही हसली.

दुसरी तक्रार म्हणजे, यात नवीन काय. हवेतून चालण्याला त्यांच्याकडे चिंगकुंग म्हणतात, अंग हलकं करायची विद्या, ती त्यांनी लहानपणापासून पुस्तकांत वाचलेली, टीव्हीवर बघितलेली. बांबूच्या बनातली लढाई किंग हू या दिग्दर्शकाने 1971 मधेच दाखवून झालेली. त्यांना वाटलं मारामारी कमी आणि उसासे जास्त. चीनमधे थंडा प्रतिसाद का मिळाला ते मला त्या दिवशी कळलं. पण गंमत म्हणजे त्याच मैत्रिणीने मला नावाचा अर्थ सांगितला, जो इंग्रजीत पार हरवतो. दबा धरलेला वाघ आणि लपलेला ड्रॅगन ही त्यांच्याकडची म्हण आहे, साध्यासुध्या दिसणाऱ्या माणसांत मोठे गुण लपलेले असतात अशा अर्थाची. आणि दरोडेखोर लोच्या पूर्ण नावात 'हू' म्हणजे वाघ, जेनच्या चिनी नावात 'लोंग' म्हणजे ड्रॅगन. सबटायटल्सनी ते सरळ लो आणि जेन करून टाकलं, बसा आता.

*

कोल्हापूर. आमच्या पेठेत मर्दानी खेळाचा आखाडा, लहानपणापासून दांडपट्टा, फरी-गदका, विटा (दोरी बांधलेला भाला) हातात. आमच्या वस्तादांना पोरांनी हा पिक्चर मोबाईलवर दाखवला. उडाउडी बघून म्हणाले बंद करा रे. मी म्हटलं थांबा वस्ताद, पुढं अंगणातली लढाई येतीया. ती लागली आणि वस्ताद मोबाईल हातात घिऊन बसले.

ज्यांनी नुसता बघितला त्यांनी ती लढाई परत बघा. जेनकडं ती चोरलेली हिरवी तलवार, बाकी काय नाही. शू लिएन एकेक हत्यार काढती, जोड तलवारी, भाला, आकड्याच्या तलवारी, आणि जे काढंल ते समोरची तलवार छाटून टाकती. मधी एक एवढी जड गदा का सळई उचलायला जाती की तिच्यासकट खाली बसती, तिथं आखाडा लई हसला, कारण ते आमच्यात सगळ्यांचंच झालंय. पण वस्ताद कशाला खूश झाले, तर हत्यार बदललं की तिचं पाय बदलत्यात. भाल्याला अंतर येगळं, जोड तलवारीला येगळं. पट्ट्याला मनगट आत अडकलेलं असतंय, खांद्यातनं वार करावा लागतो, साधी तलवार धरणारा पोरगा पट्टा घिऊन उभा राहिला की पहिले सहा म्हैने त्याचं पायच चुकत्यात. वस्ताद म्हणाले, "ह्या बाईला शिकवणारा जुना माणूस हाय." लढाया बसवणारा युएन वू-पिंग, हाँगकाँगचा. शिकवणारा जुनाच निघाला.

आणि शेवटी हरती कोण? तुटकं पातं हातात ठिऊन शू लिएन जेनच्या गळ्याला लावती. हत्यार चांगलं असून जेन हरती. वस्तादांनी ते दोनदा मागं घ्यायला लावलं.

*

वरचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. मी मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. बांबूच्या शेंड्यावरची लढाई सगळ्यांना स्वप्नासारखी वाटते, मला बघताना पोटऱ्या दुखतात. नट क्रेनवरून तारांनी टांगलेले होते, तारा नंतर काँप्युटरवर पुसल्या, हे ठाऊक असूनही. कारण तार वजन घेते, पण अंग सैल पडलं की तारेवरचं माणूस वाळत घातलेल्या कपड्यासारखं दिसतं. कंबर आणि पोट घट्ट धरूनच चेहरा शांत ठेवावा लागतो. आमच्या पोरी पहिल्यांदा दोरीवर जातात तेव्हा अंगठा आणि बोटाच्या मधे दोरी काचते, चेहरा वाकडा होतो, मी खालून ओरडते, हस गं, सलामी देताना हस!

चांग झीयी मार्शल आर्टवाली नाही, नाच शिकलेली, ते तिच्या पायाच्या बोटांत दिसतं. चौ युन-फॅट एका फांदीवर नुसता उभा राहतो आणि फांदी त्याच्या खाली हळूच वरखाली होते, तो काहीच करत नाही. ते 'काहीच न करणं' सगळ्यात अवघड. मिशेल योचा तर शूटिंगच्या सुरुवातीलाच गुडघा गेला होता, लिगामेंट फाटलं, ऑपरेशन करून परत आली. तिला 2023 मधे ऑस्कर मिळालं तेव्हा (वेगळ्याच सिनेमासाठी) मी क्लासमधे पेढे वाटले, पोरींना कोण ते माहीत नव्हतं, पेढे खाल्ले.

*

कोणी 2016 चा पुढचा भाग बघितलाय का? इंग्रजीत बोलतात सगळे. मिशेल यो आहे, दिग्दर्शन वर कोल्हापूरकरांनी लिहिलं त्याच युएन वू-पिंगचं, लढाया ठीक, पण अर्ध्या तासात मी भाजी निवडायला घेतली. एवढंच.

*

नागपूर. मुद्द्याचं बोला न बे, शेवटी ते जेन उडाली का पडली? वूडांग म्हणजे ली मू बायचा डोंगरावरचा आखाडा, तिथल्या पुलावरून उडी मारते, खाली ढग, पिक्चर खतम. आम्ही पाच दोस्त रात्री दीड वाजता टपरीवर याच गोष्टीवर भांडलो. एक म्हणे मेली, सरळ आत्महत्या आहे. दुसरा म्हणे अरे लोने तिला वाळवंटात गोष्ट नाही का सांगितली, मायबापाच्या दुखण्यासाठी पोरगा कड्यावरून उडी मारते अन् त्याला काही होत नाही, मन साफ असलं की इच्छा पुरी होते म्हणते. अन् लोला ती इच्छा मागायलाच तर लावते न उडी मारायच्या आधी. मी म्हटलं इच्छा 'दोघं वाळवंटात परत जाऊ' ही आहे, मंग एकटीच काऊन उडी मारली? याचं उत्तर कोणाजवळच नव्हतं. टपरीवाला म्हणे साहेब चहाचे पैसे द्या अन् जा.

माझं विचाराल तर आख्ख्या पिक्चरमधे तिथंच ते खरी उडते. बाकी सगळीकडे कोणी न कोणी तिच्या मागं आहे.

*

मी स्वतः सिनेमा धड बघितलेला नाही, आईचा अनुभव लिहिते. आमच्याकडे केबलवर हिंदीत डब केलेला लागला होता, दुपारची वेळ, आई लसूण सोलत बसलेली. उडणाऱ्या माणसांचं तिला काहीसुद्धा वाटलं नाही, रविवारचं रामायण-महाभारत बघितलेली बाई ती. हिरोचं नाव शेवटपर्यंत तिला कळलं नाही, त्याला ती 'तो टकल्या' म्हणायची, अर्धं डोकं भादरलेलं म्हणून.

तिला आवडली ती जेड फॉक्स. खलनायिका! चेंग पै-पै नावाची जुनी नटी होती (2024 मधे गेली), साठच्या दशकात स्वतः तलवारबाजीच्या सिनेमांची हिरॉइन होती. तर ही जेड फॉक्स वूडांगचं विद्येचं पुस्तक चोरून आणते, कारण ली मू बायच्या गुरूने तिला बाई म्हणून जवळ केलं पण बाई म्हणूनच शिकवलं नाही. पुस्तक आणलं, पण हिला वाचता येत नाही. चित्रं बघून बघून जमेल तेवढं शिकते आणि जेनला शिकवते. जेन मोठ्या घरची, तिला अक्षरं येतात, ती गुपचूप सगळं वाचून पुढे निघून जाते आणि हिला सांगत नाही. मरताना जेड फॉक्स तेच बोलते, खरं विष ते होतं, आठ वर्षांच्या पोरीने मनात ठेवलेला कावा.

माझी आई चौथीत शाळेतून काढलेली. मोठ्या मामाला पुढे शिकवायचं होतं. रेशन कार्डावर सही करते, पण बसची पाटी वाचायला तिला अजून वेळ लागतो, तोवर बस निघून जाते. ती लसणाचं ताट खाली ठेवून टीव्हीकडे बघत म्हणाली, "पुस्तक हातात असून काय उपयोग. पोरीने सांगायला पायजे होतं तिला." मी तेव्हा बारावीला होते, तिने दिलेला रेशनचा फॉर्म चार दिवस माझ्या टेबलावर पडून होता. तो उठून भरला.

*

धागा काढणारी परत आलेय. वरच्या ताई, तुमच्या आईंना शेवट काय वाटला, उडाली की पडली?

*

आईने शेवट बघितलाच नाही. तेवढ्यात नळाला पाणी आलं.