मदत हवी आहे: एकाच साइजच्या दिवाळी शुभेच्छापत्रांच्या दरात एवढा फरक का?

नमस्कार मंडळी,

मी सातारा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळेला हातभार लावणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना यंदा मुलांच्या चित्रांची दिवाळी शुभेच्छापत्रं पाठवायची आहेत. मुलांनी दिवाळीतले किल्ले काढलेत: बुरूज, मावळे, मातीत उगवलेले अळीव. एकीने तर अजिंक्यतारा काढून वर दूरदर्शनचा टॉवरही उभा केलाय! ही चित्रं चांगलीच छापली जायला हवीत.

३०० पत्रं हवीत, घडी घातल्यावर ५ × ७ इंच. पोवई नाक्याजवळ डिजिटलवाल्याने पाकिटासह नगाला २६ रुपये सांगितले. राजवाड्याकडच्या ऑफसेट प्रेसने पाकिटासह १७, पण किमान ५०० घ्या म्हणाले. एका वेबसाइटवर १२. तिघेही '३०० जीएसएम आर्ट कार्ड, चार रंग' असंच सांगतात. मग फरक कशाचा?

वेबसाइटचा नमुना मागवला होता. चित्रातलं गडद निळं आभाळ घडीवर तडकून पांढरी रेघ उमटली आहे. असं का होतं? पैसे देणगीचे आहेत, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद (सांगलीहून)

ताई, मी छपाईतच आहे. आधी एकूण रक्कम बघा. २६ ने ३०० म्हणजे ७,८००. १७ ने ५०० म्हणजे ८,५००. तुम्हाला ३००च हवीत, तर नगाला महाग वाटणारा डिजिटल तुमच्यासाठी स्वस्त पडतोय.

ऑफसेटला निळा, गुलाबी, पिवळा, काळा या चार रंगांच्या चार प्लेटी (छपाईचे पत्रे) कराव्या लागतात, मशीन लावताना रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. शंभर छापा नाहीतर हजार, हा खर्च तेवढाच. म्हणून नग वाढले की दर झपाट्याने उतरतो. डिजिटलला प्लेटच नाही, प्रत्येक छापाचा खर्च जवळपास सारखा, त्यामुळे थोड्या नगांना तो परवडतो. वेबसाइटवाले बहुधा एकाच मोठ्या शीटवर अनेकांची कामं एकत्र लावतात. प्लेटचा खर्च वाटला जातो, पण रंग तुमच्या एकट्याच्या चित्रासाठी जुळवून मिळत नाही. मुलांचे झगझगीत हिरवे-केशरी खडू चार रंगांत तसेही थोडे मंद उतरतात, त्यामुळे प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आणि त्या १२ रुपयांत पाकीट, जीएसटी, कुरिअर धरलंय का, ते विचारा.

पांढऱ्या रेघेचं कारण: जाड कार्डाला क्रीजिंग (घडीच्या जागी आधी दाबून पाडलेली खोलगट रेघ) न मारता घडी घातली, किंवा घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेच्या, आडवी आली, की वरचा थर आणि त्यावरची शाई तडकते. गडद रंगावर ते लगेच दिसतं. क्रीजिंग मारणं हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे लागतात. स्वस्त दरातून पहिल्यांदा तेच वगळलं जातं.

प्रतिसाद

आत मुलं सह्या करणार असतील तर आतली बाजू कोरी, विनाकोटिंग ठेवा. आर्ट कार्डाला गुळगुळीत कोटिंग असतं, त्यावर जेल पेनची शाई पटकन वाळत नाही, हात लागला की पसरते. एका बाजूनेच कोटिंग असलेला बोर्ड मिळतो. जीएसएम म्हणजे फक्त वजन, एका चौरस मीटर कागदाचं, ग्रॅममध्ये. दोन ३०० जीएसएम कार्डं हातात घेतली तर जाडी वेगळी लागू शकते. नमुना हातात घेऊनच ठरवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सह्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि मुलं आत नावं लिहिणारच आहेत! आता तिघांनाही एकच मजकूर लिहून देते: ३०० नग, एका बाजूला कोटिंग, बाहेरून चार रंग, आतून कोरं, क्रीजिंग, पाकीट, जीएसटी धरून, आधी प्रूफ. यात लॅमिनेशनही सांगावं का? पत्रं पोस्टाने जाणार आहेत. आणि ५ × ७ च्या कार्डाला पाकीट किती मोठं घ्यावं, म्हणजे कोपरे दुमडणार नाहीत?